पैसे भरूनही हातात न राहणारं: डिजिटल कुलपांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मी दोन तास बसते. मोबाइल, ई-रीडर, टीव्ही, प्रिंटर, ज्याचं जे अडलं असेल ते घेऊन सभासद येतात. सुरुवातीला लोक विचारायचे, "हे चालवायचं कसं?" आता जास्त करून विचारतात, "पैसे भरले तरी चालत का नाही?" त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देऊन झाल्यावर वाटलं, एकदा नीट लिहून काढावं.

"बाय" बटण दाबलं, पैसे गेले, पावती आली. मग पुस्तक माझं नाही म्हणजे काय?

तुम्ही पुस्तक घेतलेलं नसतं, ते वाचायची परवानगी घेतलेली असते. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तक सेवेच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे की मजकूर परवान्यावर दिला जातो, विकला जात नाही. बटणावर मात्र मोठ्या अक्षरात "बाय" असतं, आणि अटी पानाच्या तळाशी, इंग्रजीत. ई-पुस्तक घेण्याआधी त्या उघडून वाचलेला एकही सभासद मला आजवर भेटलेला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक तुम्ही वाचता, शेजारणीला देता, भाचीला मुंजीत भेट देता, कंटाळा आला की जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता. त्यासाठी दुकानदाराला विचारावं लागत नाही. कुलूपबंद डिजिटल प्रतीच्या बाबतीत यातलं जवळजवळ काहीच करता येत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं यावर कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं विक्रेत्याला डिजिटल वस्तूवर "बाय" लिहायचं असेल तर हा नुसता परवाना आहे हे ग्राहकाला ठळकपणे सांगावं लागतं. कायद्यानं ग्राहकाला मालकी दिलेली नाही, तरी निदान खरं काय ते आधी कळतं. आपल्याकडच्या ॲपांवर मला अशी ठळक सूचना अजून दिसलेली नाही.

डीआरएम म्हणतात ते हेच का?

हो. डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. मी त्याला डिजिटल कुलूप म्हणते, कारण सभासदांना तेवढ्यानं कळतं. फाइल सांकेतिक रूपात असते आणि ती उलगडायची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येते. तुम्ही पुस्तक उघडता तेव्हा ॲप तपासतं की खातं बरोबर आहे का, उपकरण नोंदवलेलं आहे का, परवाना चालू आहे का. तपासणीत कुठंही अडलं की फाइल तुमच्याच फोनमध्ये असूनही उघडत नाही. कुलूप तुमच्या दाराला आणि किल्ली त्यांच्या खिशात, असा हा सगळा व्यवहार आहे.

हे खरंच घडतं, की उगाच घाबरवताय?

घडतं, आणि बऱ्याच वर्षांपासून घडत आलंय.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑरवेलची "१९८४" आणि "ॲनिमल फार्म" ही पुस्तकं परस्पर काढून घेतली. ज्यानं ती आवृत्ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. म्हणजे चूक विक्रेत्याची होती, ग्राहकाची नव्हे. पैसे परत दिले. एका विद्यार्थ्यानं पुस्तकावर अभ्यासाची टिपणं केली होती, ती निरुपयोगी झाली म्हणून तो कोर्टात गेला. ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पण माफीपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की घरातल्या कपाटापर्यंत कंपनीचा हात पोचतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

एप्रिल २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुलैपासून घेतलेली सगळी पुस्तकं उघडेनाशी झाली, फुकट घेतलेलीसुद्धा. पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकात खुणा-टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. इतकं तरी सगळे करत नाहीत.

त्याआधी गाण्यांचं झालं. मायक्रोसॉफ्टच्याच एमएसएन म्युझिकनं २००८ मध्ये सांगितलं की ३१ ऑगस्टनंतर परवान्यांचा सर्व्हर बंद, नव्या कॉम्प्युटरवर जुनी गाणी चालवायला परवानगी मिळणार नाही. आरडाओरडा झाला म्हणून मुदत वाढवली. याहू म्युझिकनं त्याच वर्षी तेच केलं.

आता आपल्या देशातलं उदाहरण. फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये "फ्लाइट" नावानं गाणी विकायला सुरुवात केली आणि जून २०१३ मध्ये ते बंद केलं. पण ती गाणी साध्या एमपीथ्री फाइलमध्ये होती, त्यांना कुलूप नव्हतं. ज्यांनी ती उतरवून घेतली त्यांची गाणी आजही वाजतात. आमचे एक सभासद त्यातली नाट्यगीतं पेनड्राइव्हवर घालून गाडीत ऐकतात. दुकान बुडालं तरी माल घरात राहिला. दुकान बंद होणं हा धंद्याचा भाग आहे. दुकानाबरोबर आपल्या घरातला माल बाद होणं हे मात्र कुलपामुळे घडतं.

आणि एक घरातलं सांगते. माझी आत्या नाशिकला असते, वय ७८. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप तिला झेपेना, म्हणून मी तिला टॅब घेऊन दिला आणि मराठी ई-पुस्तकांच्या एका ॲपवर खातं उघडून दिलं. तीन वर्षांत तिनं ४३ पुस्तकं घेतली, सगळी पेन्शनमधून. ॲपमधल्या यादीला ती "कपाट" म्हणायची. एका सकाळी तिचा फोन आला, "अगं, माझं कपाट उघडत नाही गं. मी काही चुकीचं दाबलं का?"

मी गेले. मुखपृष्ठं दिसत होती, पण करडी पडलेली. एकावर बोट ठेवलं की चक्र फिरत राहायचं आणि मग "सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही" एवढी ओळ यायची. तिनं चार-पाच वेळा टॅब बंद करून चालू केला होता. मी मेमरी उघडून पाहिली तर फाइल्स तिथंच होत्या. मोजल्या, ४३ च्या ४३. ज्या पुस्तकात ती अर्ध्यावर होती त्याच्या फाइलवर आदल्या रात्रीची वेळसुद्धा दिसत होती. कंपनीनं गाशा गुंडाळला होता. दोन महिन्यांपूर्वी एक ई-मेल आला होता, इंग्रजीत, आणि तो जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडला होता. आत्यानं काहीही चुकीचं दाबलेलं नव्हतं. हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला, आणि त्याच गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पण चोरी थांबायला हवी ना? त्यासाठी प्रामाणिक माणसानं थोडा त्रास सोसला तर काय बिघडलं?

हा प्रश्न आमच्याकडे बरेचदा एखादे लेखक किंवा प्रकाशकच विचारतात. टेलिग्रामवर आपल्या पुस्तकाची पीडीएफ फिरताना पाहिली की जीव तुटतो, हे मी जवळून पाहिलंय. मराठीत हजाराची आवृत्ती संपायला कधी वर्षं लागतात, तिथं प्रत्येक प्रत मोलाची.

पण कुलूप नेमकं कोणाला लागतं ते पाहा. ज्यानं फुकटची पीडीएफ उतरवली त्याच्या प्रतीला कुलूप नाहीच. ते कोणीतरी आधीच काढलेलं असतं, किंवा छापील पुस्तक स्कॅन करून ती प्रत बनवलेली असते. ती फाइल कुठल्याही फोनवर उघडते, नेट नसलं तरी उघडते, भावाला पाठवता येते, कंपनी बुडाली तरी राहते. पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला उपकरणांची मर्यादा, लॉगिन आणि "सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही". चोरून घेतलेला माल विकत घेतलेल्यापेक्षा सोयीचा असेल, तर आपण प्रामाणिक माणसालाच शिक्षा करतोय.

ही शिक्षा कुठवर जाऊ शकते याचं उदाहरण २००५ मधलं. सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडींमध्ये एक प्रोग्रॅम घातला होता. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो विंडोजमध्ये शिरायचा आणि स्वतःला लपवायचा. नावाची सुरुवात ठरावीक चिन्हांनी होणारी कुठलीही फाइल तो दिसेनाशी करायचा, आणि व्हायरस लिहिणाऱ्यांनी लगेच त्याच आडोशाचा फायदा घेतला. मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञानं ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघडकीला आणलं. कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले. ज्यांनी गाणी नेटवरून चोरली त्यांच्या कॉम्प्युटरला काही झालं नाही. दुकानात जाऊन, रोख पैसे देऊन सीडी आणणाऱ्यांच्या घरात तो प्रोग्रॅम शिरला.

कुलूप काढलं तर लेखक-प्रकाशक बुडणार नाहीत का?

ज्यांनी काढलं त्यांचा अनुभव तसा नाही. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनानं २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरची कुलपं काढली. वर्षभरानं त्यांच्या ब्रिटनमधल्या शाखेनं सांगितलं की चोरीत लक्षात येण्यासारखी वाढ झालेली नाही.

संगीताचं तर सगळ्यांसमोर आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी एक खुलं पत्र लिहिलं. त्यात हिशेब असा होता की २००६ मध्ये कुलूपबंद गाणी ऑनलाइन विकली गेली दोन अब्जांहून कमी, आणि त्याच वर्षी संगीत कंपन्यांनी सीडीवर विनाकुलूप विकलेली गाणी वीस अब्जांहून जास्त. मग त्या थोड्या गाण्यांना कुलूप लावून रोखलं काय? २००९ च्या सुरुवातीला ॲपलच्या आयट्यून्स या दुकानातल्या गाण्यांची कुलपं निघाली. आज विकत घेतलेलं गाणं साधी फाइल म्हणून मिळतं आणि गाण्यांचा धंदा चालू आहे. पुस्तकांना आणि चित्रपटांना मात्र अजून कुलपं आहेत.

किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करणाऱ्या लेखकांसाठी एक गोष्ट: डीआरएम लावायचं की नाही हे पुस्तक चढवताना तुम्हालाच विचारलं जातं. तिथं "नाही" निवडता येतं. आमच्या ओळखीच्या दोन लेखकांना हा पर्याय आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग चोरी थांबत नसेल तर कंपन्या कुलूप लावतात तरी का?

कारण कुलपाचा दुसरा उपयोग फायद्याचा आहे. कुलपानं चोर अडत नाही, पण ग्राहक बांधला जातो.

एका दुकानातून शंभर ई-पुस्तकं घेतली की तुम्ही दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर घेत नाही, कारण जुनी पुस्तकं तिथं उघडणार नाहीत. म्हणजे पुढचं उपकरणही त्यांचंच, पुढची पुस्तकंही त्यांचीच. किंडलवर पूर्वी पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीनं ई-रीडरमध्ये घालता यायची. ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. ही सोय वापरून स्वतःच्या घेतलेल्या पुस्तकांची प्रत जपून ठेवणारे लोक चोर नव्हते. पुस्तकांवर जीव असणारीच माणसं इतके कष्ट घेतात.

जुन्या प्रतीचा बाजारही कुलपामुळे संपतो. कुणी वापरलेलं ई-पुस्तक विकू शकत नाही, म्हणजे प्रत्येक वाचकाला नवीनच घ्यावं लागतं. देशोदेशी वेगळी किंमत लावता येते. माध्यम बदललं की तीच गोष्ट पुन्हा विकता येते. आमच्या पिढीनं एकच गाणं कॅसेट, सीडी आणि सबस्क्रिप्शन असं तीनदा विकत घेतलंय. पण कॅसेट अजून माळ्यावर आहे आणि टेप दुरुस्त केला तर ती वाजते.

आता हे लोण वस्तूंपर्यंत आलंय. १३ सप्टेंबर २०१६ रोजी एचपीचे काही प्रिंटर एकाएकी दुसऱ्या कंपनीची शाईची कार्ट्रिजं नाकारू लागले. कार्ट्रिज चांगलं, शाई भरलेली, आदल्या दिवसापर्यंत छपाई चाललेली. प्रिंटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख आधीच घालून ठेवलेली होती. कंपनीनं नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि काही प्रिंटरांसाठी तोडगा दिला, पण ही पद्धत सोडली नाही. वस्तूच्या आत सॉफ्टवेअर आहे म्हटल्यावर वस्तूवरही कुलूप लावता येतं.

एचडीचे पैसे भरतो, फोनची स्क्रीनही फुल एचडी आहे. तरी चित्र धूसर का दिसतं?

नेट तपासून झालं असेल, तर कारण बहुधा वाइडवाइन. गूगलची ही कुलूप-प्रणाली बहुतेक अँड्रॉइड फोनवर ओटीटी ॲपं वापरतात. तिच्या पायऱ्या आहेत. एल-वन म्हणजे चित्र उलगडायचं काम चिपमधल्या वेगळ्या बंदिस्त भागात होतं. एल-थ्री म्हणजे ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. फोन एल-थ्री असेल तर अनेक ॲपं ४८० पी, म्हणजे एचडीहून कमी दर्जाचंच चित्र देतात, तुम्ही कितीही महागडा प्लॅन घेतला असलात तरी. ही गोष्ट खोक्यावरही नसते आणि प्लॅन घेताना कुणी सांगतही नाही.

स्वस्त फोनचाच हा त्रास असतो असं नाही. २०१७ मध्ये आलेल्या वनप्लस ५ आणि ५टी या फोनना एल-वन नव्हतं. नंतर कंपनीनं सोय दिली तीही अशी की ग्राहकानं फोन त्यांच्याकडे पाठवायचा, मग ते किल्ल्या घालून परत देणार. जुन्या मॉनिटर-प्रोजेक्टरचं तसंच: केबलवर एचडीसीपी नावाचं आणखी एक कुलूप असतं, आणि पडदा त्याला उत्तर देऊ शकला नाही तर चित्र काळं पडतं किंवा उतरतं.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक तीन महिने चष्म्याचा नंबर वाढलाय असं समजत होते. मी फोनची एल-पातळी तपासून दाखवली तेव्हा कुठं त्यांना कळलं. ही पातळी दाखवणारी फुकट ॲपं मिळतात, ओटीटीचा मोठा प्लॅन घेण्याआधी एकदा बघून घ्या.

जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे पैसे भरले होते. आता मध्येच जाहिराती लागतात. हे चालतं?

त्यांच्या अटींप्रमाणे चालतं, कारण सेवेत बदल करायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओनं भारतात १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू केल्या, आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये वेगळे मागितले. ज्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते त्यांनाही ते लागू झालं. मला हे मनापासून चूक वाटतं. वर्षाच्या मधोमध मेसचालकानं "आता पोळी वेगळी घ्या" म्हटलं तर आपण ऐकून घेतलं नसतं.

प्रवासासाठी डाउनलोड केलेली मालिका गाडीत उघडलीच नाही. का?

ते डाउनलोडही परवान्यावर असतं आणि त्याला मुदत असते. काही मालिका-चित्रपट एकदा पाहायला सुरुवात केली की ४८ तासांत संपतात. मुदत वाढवायला नेट लागतं, आणि कोकण रेल्वेच्या बोगद्यात ते नसतं. निघायच्या आदल्या रात्री घरी एकदा उघडून बघा.

मुलगी न्यू जर्सीला असते. इथं आम्ही पाहिलेला मराठी चित्रपट तिला त्याच खात्यावर का दिसत नाही?

चित्रपटाचे हक्क देशवार विकले जातात. इथल्या ॲपकडे फक्त भारताचे हक्क असतील तर तिथं तो लपवावा लागतो. तिथले हक्क कुणी घेतले असतील तर तो दुसऱ्या ॲपवर मिळेल. पण मराठी चित्रपटांसाठी परदेशी हक्क घेणारं बरेचदा कुणी पुढंच येत नाही, आणि मग पैसे हातात घेऊन बसलेल्या माणसाला पैसे द्यायची जागाच नसते.

जुन्या लोकांना डीव्हीडीचे विभाग आठवत असतील. अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. इथून नेलेली विभाग ५ ची डीव्हीडी तिथल्या प्लेअरवर चालत नसे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा विभाग पाच वेळा बदलता यायचा, पाचव्यांदा तो कायमचा पक्का व्हायचा. नातवंडांना मराठी कानावर पडावं म्हणून बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून डीव्हीडी नेणाऱ्या आज्यांना या आकड्यांशी काय देणंघेणं होतं?

गेम विकत घेतला होता, आता तो सुरूच होत नाही.

कॉलेजची मुलं विचारतात. युबिसॉफ्टचा २०१४ मधला "द क्रू" हा मोटारींच्या शर्यतीचा गेम एकट्यानं खेळायचा असला तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केला आणि पैसे देऊन, डिस्कवर घेतलेला गेमही निरुपयोगी झाला. त्यातून "स्टॉप किलिंग गेम्स" ही चळवळ उभी राहिली, आणि युरोपातल्या तिच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. सेवा बंद करताना गेम चालू राहील अशी सोय करून जा, एवढीच त्यांची मागणी आहे. जीओजी या दुकानात एकट्यानं खेळायचे गेम कुलपाशिवाय मिळतात आणि इन्स्टॉलर जपून ठेवता येतो.

दृष्टिहीन वाचकांना यातून काय भोगावं लागतं?

सगळ्यात जास्त तेच भोगतात. अंध वाचकाला पुस्तक विकत घेऊनही ते बोलत्या सॉफ्टवेअरला वाचायला द्यावं लागतं, किंवा ब्रेलमध्ये बदलावं लागतं. कुलूप दोन्ही अडवू शकतं. मराठीत आणखी एक अडचण आहे. बरीच ई-पुस्तकं म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात, आणि फोटोतली अक्षरं बोलत्या सॉफ्टवेअरला दिसत नाहीत.

आपला कायदा इथं उदार आहे, हे अभिमानानं सांगावंसं वाटतं. २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग व्यक्तींसाठी वाचता येण्याजोगी प्रत करायला कॉपीराइट कायद्यात मोकळीक दिली. या विषयावरचा जो आंतरराष्ट्रीय मराकेश करार आहे त्याला मान्यता देणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. कायद्यानं दार उघडलं असताना फाइलवरच्या कुलपानं तेच दार बंद करणं मला फार लागतं.

स्वतःच्या पुस्तकाचं कुलूप काढलं तर गुन्हा होतो का?

मी वकील नाही, पण कलम वाचलेलं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ ए, हेही २०१२ मध्येच आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. "हेतूनं" हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्यानं स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी असं केलं तर हे कलम आड येत नाही, असं त्यातच पुढं म्हटलंय. मात्र दुसऱ्याला त्यासाठी मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. अमेरिकेतला १९९८ चा कायदा याहून कडक आहे. तिथं हेतू चांगला असला तरी कुलूप तोडणंच बेकायदा ठरू शकतं, आणि दर तीन वर्षांनी कुणाला सूट द्यायची ते नव्यानं ठरतं.

तरीही आमच्या टेबलावर मी कुणाचं कुलूप काढून देत नाही. कंपनीच्या अटी मोडल्या तर खातंच बंद होऊ शकतं, आणि मग उरलेली पुस्तकंही जातात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कॉपीराइट संपतो, कुलूप संपत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांसाठी खुलं आहे. आजच्या लेखकाचं पुस्तक ज्या दिवशी खुलं होईल, त्या दिवशी त्या फाइलची किल्ली कुणाकडे असेल?

वाचनालयात ई-पुस्तकं का ठेवत नाही?

ठेवायची फार इच्छा आहे. छापील पुस्तक एकदा घेतलं की बांधणी खिळखिळी होईपर्यंत आम्ही ते देतो, आणि मग पुन्हा बांधून घेतो. आमच्याकडे १९६० च्या दशकातल्या कादंबऱ्या अजून फिरताहेत. ॲपवर घेतलेलं ई-पुस्तक मात्र वैयक्तिक वापरापुरतं असतं, ते सभासदांना देणं अटींत बसत नाही.

अमेरिकेत वाचनालयांना वेगळे परवाने मिळतात, पण तिथंही ओढाताण आहे. हार्पर कॉलिन्स या प्रकाशनानं २०११ मध्ये नियम केला की वाचनालयानं एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की ते संपलं, पुन्हा विकत घ्या. मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनानं १ नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एकच प्रत वाचनालयांना द्यायचं ठरवलं, मग शहर केवढंही असो. वाचनालयांनी बहिष्कार घातला, आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागं घेतला गेला. एकत्र येऊन नाही म्हटलं तर फरक पडतो, हे त्यातून दिसलं. सरकारी प्रतवारीत 'क' वर्गातल्या आमच्यासारख्या वाचनालयांचं अनुदान पाहता तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा घेणं आम्हाला कधीच परवडणार नाही.

एवढा त्रास आहे तर फुकटची पीडीएफ घेतलेली काय वाईट?

नको. त्यात लेखकाला एक रुपयाही मिळत नाही, आणि कंपनीवरचा राग लेखकावर काढल्यासारखं होतं. छापील पुस्तक घ्या.

मग घ्यायचं तरी कसं?

आधी एवढं विचारा: फाइल माझ्याकडे राहणार, की फक्त ॲपमध्ये दिसणार? काही मराठी प्रकाशक आणि लेखक विचारल्यावर साधी ईपब (ई-पुस्तकाचा एक खुला फाइल-प्रकार) किंवा पीडीएफ देतात, कधी प्रत्येक पानावर ग्राहकाचं नाव घालून. मला ही पद्धत सगळ्यात सभ्य वाटते. फाइल माझी राहते, आणि मी ती वाटत सुटले तर नाव माझंच दिसतं. अशी फाइल मिळाली की त्याच दिवशी दोन ठिकाणी ठेवा. जे पुस्तक आयुष्यभर लागणार आहे, संदर्भाचं किंवा पारायणाचं, ते छापीलच घ्या. एकदा वाचून बाजूला ठेवायचं असेल तर ॲपवर घ्यायला हरकत नाही, पण ते भाड्यानं घेतलंय असं समजूनच किंमत ठरवा.

सबस्क्रिप्शन आपोआप नव्यानं सुरू होत असेल तर पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचा आणि नको असेल तर तिथूनच थांबवा. सहज घेता येतं पण सोडता येत नाही अशा सबस्क्रिप्शनच्या सापळ्याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तसं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आमची पुस्तकं आधीच अडकली आहेत. काही परत मिळेल का?

प्रयत्न करा. पावत्या शोधा, ई-मेलमध्ये कंपनीचं नाव घालून. कंपनीला लेखी कळवा, फोनवर बोलून सोडू नका. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. कंपनी चालू असेल तर बऱ्याचदा पैसे किंवा निदान काही रक्कम सुटते. कंपनीच उरली नसेल तर अवघड आहे.

आत्याच्या बाबतीत तेच झालं. तक्रार नोंदवली, पण पलीकडं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग मी ४३ पुस्तकांची यादी घेऊन आमच्या वाचनालयाचं रजिस्टर चाळलं. १९ इथं मिळाली, ६ पुण्याच्या जुन्या बाजारात, बाकीची अजून शोधतेय. टाइप बारीक असल्यामुळे ती तिला वाचता येत नाहीत, म्हणून माझी मुलगी रोज रात्री साडेआठला तिला फोन करून दहा पानं वाचून दाखवते. अर्ध्यावर राहिलेलं पुस्तक आधी पूर्ण केलं.